नेकटायचे अकरा चाप

काझीपुरा, नाशिक
ता. ३० मार्च १९३६

प्रिय बहीण जहिदा हिला हारुनचा सलाम आणि छोट्या बेगमला दुआ. वि. वि. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. पंधरा दिवसांत तुझं पत्र नाही. त्याबद्दल आधी रागावून घेतो, मग पुढे लिहितो. उर्दूत लिहावं असं अब्बा म्हणायचे, पण आपण दोघंही म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतले. मोडकं उर्दू लिहून त्यांच्या आत्म्याला त्रास देण्यापेक्षा हे बरं.

तुला एक अडचण सांगायची आहे. हसणार नाहीस असं कबूल कर आणि मग वाच.

लासलगावचे कारभारी पाटील तुला आठवत असतील. कांद्याचे मोठे व्यापारी. अब्बांच्या वेळेपासून त्यांच्या घरचं एकही लग्न आपल्या बँडशिवाय लागलं नाही. आता त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न चार मेला आहे. मुलगा पुण्याला कॉलेजात शिकून आलाय. आपले लाल डगले बघून तो म्हणाला, की ही सर्कस निघाली आहे काय? वरातीपुढे बँड हवा तर साहेबी पोशाखात हवा, उघड्या गळ्याचे पांढरे कोट आणि त्यावर निळा नेकटाय.

शिवले. अकराच्या अकरा कोट शिवले, अकरा नेकटाय आणले. परवा आपल्या गंगेच्या, गोदावरीच्या वाळवंटात तालमीला उभे राहिलो. पहिली धून सुरू झाली आणि वारा सुटला. कादरचाचांचा नेकटाय उडाला तो थेट त्यांच्या मोठ्या बाज्याच्या तोंडात जाऊन बसला. कॉर्नेटवाल्याच्या डोळ्यांवर पट्टी. माझा स्वतःचा क्लॅरोनेटच्या चाव्यांत असा गुंतला, की बोटं आणि कापड वेगळं करायला दोन माणसं लागली. आणि नेमके त्याच वेळी पाटलांचे दिवाणजी काठावर उभे. ते इतके हसले, की पायरीवर बसावं लागलं त्यांना. जाताना म्हणाले, की मालेगावची एक पार्टी बिननेकटायची चांगली वाजवते म्हणतात. मी त्यांना सांगून टाकलंय, की चार तारखेला एकाही गळ्यातला नेकटाय जागचा हलला तर मी लासलगावच्या वेशीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. बोलून बसलो आणि रात्रभर पंखा हलवत राहिलो.

तुझ्या भाभीनं उपाय केले. नेकटाय सदऱ्याला टाके घालून शिवला, तर कादरचाचांना सगळं डोक्यावरून ओढून काढावं लागलं आणि ते अर्धा तास कोटात अडकून पडले. सेफ्टी पिन लावली, तर मोठा श्वास घेताच ती उघडली आणि कॉर्नेटवाल्यानं असा सूर काढला, जो कुठल्याच धुनेत नाही. सदऱ्यात खोचावा, तर नवरदेव म्हणतो, की दिसला पाहिजे.

तू स्टेशनासमोर राहतेस. घाटातल्या त्या वाऱ्यात साहेबलोक गाडीतून उतरतात, त्यांचे नेकटाय कसे जागच्या जागी राहतात ते बघून कळव. तू स्वतः बघ. कुणाला विचारायची गरज नाही.

कळावे. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर हरकत नाही.

तुझा भाऊ,
हारुन


इगतपुरी
ता. ३ एप्रिल १९३६

ति. भाईजान यांस धाकट्या जहिदाचा अदबीचा सलाम. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. हसणार नाही असं कबूल करायला तुम्ही सांगितलंत, पण तोपर्यंत मी खालची ओळ वाचून हसले होते. कादरचाचांना माझा सलाम आणि माफी सांगा.

तुम्ही लिहिलंत, की कुणाला विचारायची गरज नाही. भाईजान, या घरात मी, तुमची भाची आणि एक तिकीट कलेक्टर असे तिघेच राहतो. भाची चार वर्षांची आहे. मग विचारायचं नाही असा माणूस कोण, ते मला समजलं. ज्यांच्याशी माझा निकाह तुम्ही स्वतः उभं राहून लावलात, ज्यांना शेजारी बसवून क्लॅरोनेट शिकवलंत, त्यांचं नाव लिहायला तुमच्या दौतीत तीन वर्षं शाई नाही. बरं, माझ्या दौतीत आहे. सलाउद्दीन खुशाल आहेत आणि तुमची तब्येत विचारतात.

आता कामाचं. विचारायची खरंच गरज पडली नाही, कारण ती वस्तू मी रोज सकाळी राखेनं घासून ह्यांच्या नेकटायला लावते. बोटाएवढी लांब पितळेची पट्टी असते आणि मागे दुमडलेली जीभ. नेकटाय आणि सदऱ्याची बटणांची पट्टी, दोन्ही त्या जिभेत सरकवायची. आपल्या केसांच्या चापासारखंच. मी त्याला चापच म्हणते. वर चित्र काढलंय, पण बेगमनं त्याला पाय काढले आहेत, ते सोडून द्या. दुसरा प्रकार म्हणजे मोती लावलेली टाचणी. एका इंजिनिअर साहेबांच्या गळ्यात पाहिली. दिसते झकास, पण कापडाला भोक पाडते, आणि टोचण्याचा अनुभव तुमच्या कॉर्नेटवाल्याला आहेच.

मुंबईच्या दुकानांत चाप मिळतात, पण अकरा सारखे मिळायचे नाहीत. इथे एक ओळखीचे कारागीर आहेत, ते करून देतील. तुम्ही फक्त माळ्यावर पडलेला तो चेपलेला कॉर्नेट पाठवा. जुनं पितळ ठोकून घेतलं की चिवट होतं आणि जीभ ढिली पडत नाही, असं ते कारागीर म्हणतात. त्यांचं नाव विचारू नका. नाव न घेता काम चालवायची तुम्हाला सवय आहे.

नसीमभाभींना सलाम. चूक झाली असली तर कान धरा, पण पत्र थांबवू नका.

तुमची,
जहिदा


काझीपुरा, नाशिक
ता. १५ एप्रिल १९३६

प्रिय जहिदा हिला सलाम आणि दुआ. वि. वि. तुझी जीभ लहानपणापेक्षा लांब झाली आहे, एवढंच तुझ्या पत्राचं उत्तर. कॉर्नेट गार्डाच्या हाती दिला होता, तो पोचल्याचं कळलं. नमुन्याचा चाप काल मिळाला.

लगेच कोट चढवून गंगेवर गेलो. वारा भरपूर होता. एक धून पूर्ण वाजवली, नेकटाय हलला नाही. मग चाप काढून उन्हात नीट पाहिला. जहिदा, दुकानातला चाप सरळ असतो. हा मधोमध किंचित बाहेर वाकवलाय, कमानीसारखा. आधी वाटलं, हात चुकला असेल. पण तो लावून मी पोटापासून पुरा श्वास भरला, तेव्हा पट्टी छातीला लागलीच नाही. सरळ असती तर बटणावर दाबली गेली असती. फुंकणाऱ्याची छाती किती वर येते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच हे सुचणार. तुझा कारागीर कधी फुंकणीवर काम करत होता का? भट्टीच्या फुंकणीबद्दल विचारतोय मी.

एकच दोष आहे. कांजी केलेल्या सदऱ्यावर चाप हळूहळू खाली सरकतो. जिभेच्या आतल्या बाजूला कानशीनं बारीक दाते पाडायला सांग. बाकी ठीक आहे. मी ठीक हा शब्द सहज वापरत नाही, हे तुला ठाऊक आहे. ज्यानं केलंय त्याला माहीत नसलं तर सांग.

उरलेले दहा दोन तारखेपर्यंत यावेत. उन्हाचं बेगमला बाहेर सोडू नकोस. आमची आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

तुझा भाऊ,
हारुन


काझीपुरा, नाशिक
ता. २७ एप्रिल १९३६

जहिदा, तुझ्या नसीमभाभीचा सलाम घे. मी निफाडच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकले, तर चुका पोटात घाल. हे पत्र यांना ठाऊक नाय. दुपारी झोपलेत तवा लिहिते.

यांचा वरचा पुढचा दात काल काढला. चार दिवस गाल सुजून भोपळा झाला होता, तरी तालीम सोडली नाय, आणि मग तापानं आडवे झाले. आता पुढं भोक पडलंय. काल संध्याकाळी क्लॅरोनेट तोंडाला लावला, तर सूर बाजूला आणि वारा बाजूला. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग बाजा फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. लग्नाला आठ दिवस राह्यले. क्लॅरोनेट नसला तर बँड कसला, नुसता गोंगाट. कादरचाचा म्हणाले, दुसरीकडून माणूस आणू.

तुला माहीत हाय मला काय म्हणायचंय ते. तीन वर्षं झाली. सलाउद्दीनभाईंना रेल्वेचा कागद आला आणि मोठं काम दहा दिवसांवर असताना ते गेले. यांना आधी सांगितलं असतं तर येवढं झालं नसतं. हे पण काय कमी नाय. भर तालमीत बोलले, की ज्यानं बाजा खाली ठेवला त्यानं पुन्हा माझ्या दारात उचलायचा नाय. तवापासून हे स्वतःच क्लॅरोनेट वाजवतात, आणि वाजवून झाल्यावर दर वेळी म्हणतात, की ती जागा बरोबर आली नाय. कोणती जागा, ते मी विचारत नाय.

पण एक सांगते. तो नमुन्याचा चाप आला ना, तो हे घरात पण लावतात. नेकटाय नाय, नुसत्या सदऱ्याला. जेवताना पण. परवा आपसूक म्हणाले, की पोराचा हात लय बारीक हाय. कोणत्या पोराचा म्हणून मी विचारलं, तर पाणी दे म्हणून उठले.

तू सलाउद्दीनभाईंना पाठव. माझं नाव सांगू नको. बेगमचा पापा घे माझ्याकडून.

तुझी भाभी,
नसीम


इगतपुरी
ता. २९ एप्रिल १९३६

प्रिय नसीमभाभी यांस सलाम. वि. वि. तुमचं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग चाप लावून जेवणाऱ्या भाईजानांचं चित्र डोळ्यांपुढे आलं, तेव्हा हसले. बेगमला कळेना, आईला काय झालं.

पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. तुमचं नाव सांगितलं नाही, पण नाय आणि हाय ऐकून त्यांनी ओळखलं. हे गेले तीन आठवडे ड्यूटीवरून आले की ओसरीवर बसतात. शेजारच्या फिटरकडून कानस आणि हातोडी मागून आणली आहे. एकेक चाप करतात, आपल्या नेकटायला लावतात, खोल श्वास घेतात, काढतात आणि पुन्हा घासतात. शेजारणीनं मला विचारलं, की तुमच्या मालकांना दम्याचा त्रास आहे का?

दाताची हकीकत आली तेव्हा त्यांनी थांबवून विचारलं, की दात वरचाच ना? वरचा, पुढचा, असं मी सांगितलं. त्यांनी कानस खाली ठेवली. मग म्हणाले, की वरचा असेल तर एक महिना तरी फुंकता येणार नाही.

भाभी, मी त्यांना जा म्हणून सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की ज्या दारात मना केलं, तिथे बोलावल्याशिवाय बाज्याला हात लावणं हा भाईजानांचा अपमान होईल. ते उस्ताद आहेत. पण चाप पार्सलानं पाठवायचे नाहीत, स्वतः नेऊन द्यायचे, एवढं ठरलंय. चार तारखेची रजा मंजूर झाली. तुमचे लोक दुपारच्या गाडीनं लासलगावला उतरतील, तेव्हा हे फलाटावर उभे असतील. याहून जास्त माझ्या हातात नाही. भाईजानांना काही सांगू नका. सांगितलंत तर ते आदल्या गाडीनं जातील.

पुढचं अल्लाच्या आणि त्या दोन हट्टी माणसांच्या हाती.

तुमची,
जहिदा


काझीपुरा, नाशिक
ता. ६ मे १९३६

प्रिय बहीण जहिदा हिला सलाम, बेगमला दुआ. वि. वि. तुझ्या घरी परवाची हकीकत कितपत पोचली असेल कोण जाणे. तुझा नवरा बोलण्यात कंजूस आहे. म्हणून मीच सविस्तर लिहितो.

आम्ही लासलगावला उतरलो ते मेलेल्या मनानं. क्लॅरोनेट पेटीत होता, पण वाजवायला कुणी नव्हतं, आणि दोन तारखेचे दहा चापही आले नव्हते. मालेगावच्या एकाला निरोप पाठवला होता, तो आला नाही. माझ्या जबड्याला रुमाल बांधलेला. फलाटावर पाय ठेवतो तर समोर सलाउद्दीन, हातात कापडाची पुरचुंडी. मला सलाम केला. मी मान हलवली. तो पुढे झाला आणि एकेकाच्या छातीवर चाप लावू लागला. कादरचाचांनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून कपाळाचं चुंबन घेतलं. कॉर्नेटवाल्याला त्यानं सांगितलं, की आता टोचणार नाही, पोटभर श्वास घे. दहा जणांना दहा चाप लावले. मग माझ्यापुढे आला. अकरावा माझ्याकडेच होता, तो नमुन्याचा, नेकटायला लावलेला. त्यानं तो पाहिला आणि थोडा सरळ केला.

मी कोट काढला, नेकटाय काढला, दोन्ही त्याच्या हातात दिले. पेटी उघडून क्लॅरोनेट दिला आणि म्हणालो, की तोंडाची वेताची रीड जुनी आहे, सांभाळून. तर त्यानं सदऱ्याच्या खिशातून स्वतःची नवी रीड काढली आणि ती ओली करायला तोंडात धरली. म्हणजे हा गृहस्थ इगतपुरीहून निघतानाच तयारीनं आला होता! मला तिथेच हसू आलं, आणि हसलो तसा दात काढलेल्या जागी अशी कळ गेली, की डोळ्यांत पाणी आलं. कादरचाचा सगळ्यांना सांगत सुटलेत, की उस्ताद रडले. ते दाताचं पाणी होतं. तू तरी खरं मान.

पाच वाजता वरात निघाली आणि लासलगावचा वारा सुटला. नुसती धूळ. मांडवाचं एक टोक सुटून फडफडायला लागलं. कारभारी पाटलांचा फेटा उलगडून मागच्या बैलगाडीवर गेला. नवरदेवाचा स्वतःचा नेकटाय उडून त्याच्या मुंडावळ्यांत अडकला, आणि करवल्या तो सोडवत बसल्या. आपल्या अकरा जणांचे नेकटाय छातीवर शिवल्यासारखे. दिवाणजी रस्त्याच्या कडेनं चालत एकेकाच्या छातीकडे वाकून बघत होते. शेवटी माझ्याजवळ येऊन हात जोडले आणि म्हणाले, की मास्तर, हे आमच्या नवरदेवालाही एक द्या. मी सलाउद्दीनकडे पाहिलं. त्यानं वाजवता वाजवता एका हातानं आपला चाप काढून दिला आणि नेकटायचं टोक कोटाच्या बटणात खोचलं. सूर तुटला नाही.

मी गाठोड्यातली काळी शेरवानी घालून, काठी घेऊन पुढे चालत होतो, जबड्याला रुमाल तसाच. पुण्याच्या एका पाहुण्यानं मला विचारलं, की मुंबईच्या बँडमास्तरांत हल्ली ही पद्धत निघाली आहे काय? मी हो म्हणालो.

आणि मग ती धून आली. ती जागा, जी मला तीन वर्षं सापडत नव्हती, जिथे क्लॅरोनेट एकटाच वर चढतो आणि बाकी सगळे थांबतात. मी पाठमोरा होतो, तरी काठी हवेतच धरून उभा राहिलो. सगळी वरात थांबली. सलाउद्दीन चढला, वर गेला, थोडा लडखडला, सावरला आणि उतरला. पूर्वीइतकं साफ नव्हतं. तीन वर्षांनी कुणाचं असतं? पण जागा बरोबर आली.

जेवायला बसलो तेव्हा पंगतीत जिलबी होती. मला चावता येईना. त्यानं माझ्या पानातली जिलबी उचलली, दुधात बुडवून मऊ केली आणि परत ठेवली. मी खाल्ली.

जहिदा, त्या तालमीत मी जे बोललो ते बोलायला नको होतं. हे त्याला तोंडावर सांगणं मला जमलं नाही, जमणारही नाही. हे पत्र तू वाचून दाखवशीलच, म्हणून इथे लिहिलं.

दुसरं कामाचं. माझा कोट त्याच्या अंगात बसला खरा, पण खांद्यात आखूड आणि पोटावर ताणलेला. वीस तारखेला निफाडला लग्न आहे. शिंपी माप मागतोय. कळव. सगळ्यांनी आपापली काळजी घ्या, माझीही थोडी घ्या.

तुझा भाऊ,
हारुन


इगतपुरी
ता. १० मे १९३६

ति. भाईजान यांस सलाउद्दीनचे अनेक सलाम. वि. वि. आपले ता. ६ चे पत्र पावले. जहिदाने ते मोठ्याने वाचून दाखविले, आणि एक परिच्छेद दोनदा वाचला. कोणता, ते आपण ओळखाल.

उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. तीन वर्षांपूर्वी मी दहा दिवस आधी निघून गेलो. रेल्वेच्या कागदावर हजर होण्याची तारीख होती, हे खरे. परंतु ती तारीख मला महिनाभर अगोदर कळली होती, हेही खरे. आपल्यासमोर उभे राहून सांगण्याची हिंमत झाली नाही. रोज उद्या सांगू म्हणत राहिलो. आपण बोललात ते रागाने, मी गप्प राहिलो ते भीतीने. माझी चूक मोठी होती. एवढे लिहिण्यास मलाही तितकीच वर्षे लागली.

लासलगावहून परतल्यावर ओठ असा सुजला, की दोन दिवस फलाट, पास आणि पॅसेंजर हे तिन्ही शब्द तोंडातून नीट निघत नव्हते. गाडी कुठल्या बाजूस लागणार ते हातांनीच दाखवावे लागले. स्टेशन मास्तरांनी काय झाले म्हणून विचारता खरे कारण सांगितले. तेव्हापासून ते रोज विचारतात, की साहेब बदलून गेले म्हणजे निरोप समारंभास आपला बँड येईल काय. मी आपल्याला विचारून कळवितो असे म्हटले आहे.

वीस तारखेची रजा मंजूर झाली. नवरदेवास दिलेल्या चापाच्या जागी दुसरा तयार केला असून, कॉर्नेटचे अजून थोडे पितळ शिल्लक आहे. रोज ड्यूटीनंतर तासभर रियाज चालू आहे. शेजाऱ्यांनी अद्याप तक्रार केलेली नाही.

मापे पुढीलप्रमाणे. खांदा सतरा इंच. छाती अडतीस, श्वास भरून साडेएकोणचाळीस. बाही चोवीस. पोटाचे माप जहिदाने घेतले असून ती आकडा सांगत नाही, खाली स्वतः लिहिते म्हणते.

दाताची जागा भरत आली असेल. गरम पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात. आपला आशीर्वाद सदैव असू द्यावा, आणि चुकल्यास ओरडावे, पण समोर बसवून.

आपला,
सलाउद्दीन

ता. क. भाईजान, पोट सदतीस आहे. शिंप्याला म्हणावं, शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडा.
– जहिदा